‘नशीब उजळलं’ एवढं लिहून मोकळे होऊ नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत पुण्यातून अमेरिकेत दत्तक गेलेल्या एका मुलीवर पानभर लेख आला होता, तो आमच्या इथल्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपवर इतक्या जणांनी टाकला की शेवटी मी वाचलाच. फोटो छान होता. गोरे आईवडील, मध्ये नऊवारी नेसलेली सावळी पोरगी, पायाशी कुत्रा, आणि वर मथळा की पुण्याच्या लेकीचं नशीब उजळलं. आईवडील काय म्हणाले ते आहे, संस्थेतल्या बाई काय म्हणाल्या ते आहे, शेजारीपाजारीसुद्धा आहेत. मुलगी काय म्हणाली तर मला पुरणपोळी आवडते, बस्स. त्या घरात, त्या शाळेत, त्या गावात ती एकटीच सावळी आहे, तर तिला तिथे कसं वाटतं हा एक साधा प्रश्न तुमच्या वार्ताहराला सुचला नाही. म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा, पण मधलं कापू नका.

मी मिनेसोटात राहते, मिनिआपोलिसच्या जवळ, बरीच वर्षं झाली. हा भाग मुळात स्वीडन-नॉर्वेहून आलेल्या लोकांचा, चर्चच्या संस्थांचं जाळं मोठं, आणि परदेशातून मुलं दत्तक घेण्यात हे राज्य पहिल्यापासून पुढे. कोरियातून आलेली दत्तक मुलं इथे इतकी आहेत की आडनाव अँडरसन, जॉन्सन आणि चेहरा कोरियन याचं इथे कुणाला नवल वाटत नाही. कोरियन युद्धानंतर दक्षिण कोरियाने दोन लाखांच्या आसपास मुलं बाहेर पाठवली, त्यातली बरीच अमेरिकेत आली. भारताचा आकडा त्या मानाने लहान पण आपलीही आहेत, पुण्या-मुंबईची, कोलकात्याची. त्यातल्या काही जणी आमच्या मंडळाच्या शनिवारच्या मराठी शाळेत यायच्या आणि मी तिथे शिकवायचे, त्यामुळे मला जे माहीत आहे ते या पोरींकडून. मी काही संशोधक नाही.

एक गोष्ट आधी सांगून टाकते, नाहीतर लोक लगेच म्हणतील बाईंना गोऱ्यांचा राग आहे. तसं नाहीये. मी ज्या गोऱ्या आया बघितल्या त्या पोरींवर जीव टाकणाऱ्याच होत्या. बर्फातून तासभर गाडी चालवून पोरीला अआइई शिकायला आणायच्या, स्वतः मागच्या बाकावर बसून गिरवायच्या. तरीही त्याच घरात पोरीला रंगावरून लागेल असं बोललं जायचं आणि आईच्या ते लक्षातही यायचं नाही. प्रेम असलं की घरात वर्णभेद शिरत नाही हा समज खोटा आहे, हेच मला सांगायचंय.

आमच्या शाळेतली एक मुलगी, आता नोकरी करते, मला काकू म्हणते. तिने सांगितलेलं लिहिते, तिला विचारूनच. थँक्सगिव्हिंगला सगळं खानदान आजोबांकडे जमायचं. आजोबा म्हणजे आईचे वडील, शेतकरी, मनाने मोकळे. त्यांचा दरवर्षीचा एक आयटम होता, कस्टमर केअरला फोन लावला आणि पलीकडे भारतातला माणूस निघाला, मग त्या माणसाची नक्कल, मान हलवून, इंग्रजी वाकडंतिकडं करून. सगळं टेबल हसायचं. ही पण हसायची कारण हसली नाही तर सगळे तिच्याकडे बघणार. मग आजोबा तिच्या ताटात टर्कीचा मोठा तुकडा वाढत म्हणायचे, अगं तुला नाही हं म्हणत, तू तर आपलीच. काकू, नकलेचं मला एवढं नाही लागायचं, मला त्या ‘तू तर आपलीच’चं लागायचं, असं ती म्हणाली. म्हणजे तिच्यासारखे दिसणारे बाकी सगळे हसण्यावारी न्यायचे, आणि ती त्यातून सुटली ती केवळ त्यांच्या घरात आली म्हणून. घरी जाताना गाडीत आई म्हणायची, आजोबांच्या मनात तसं काही नसतं गं, जुनी माणसं. झालं, विषय संपला. आजोबांच्या मनात काय असतं यावर गाडीत बोलणं व्हायचं, हिच्या मनात काय आहे ते कुणी विचारलं नाही.

दुसरी गोष्ट तिच्याच बापाची. हा प्रकार मला माहीतच नव्हता आणि ऐकून पोटात गोळा आला. मुलगी सतरा-अठराची झाली की बाप आणि ती दोघंच हॉटेलात जेवायला गेले तर वेटरला वाटतं ही बायको किंवा गर्लफ्रेंड. गोरा पन्नाशीचा पुरुष आणि आशियाई तरुण पोरगी म्हटल्यावर इथल्या लोकांच्या डोक्यात जे चित्र येतं ते येतं. कोरियन मुलीही हेच सांगतात. हिचं काय झालं, की ती बापाबरोबर बाहेर गेली की प्रत्येक वाक्यात मोठ्याने ‘डॅड’ म्हणायला लागली, डॅड मीठ दे, डॅड पार्किंगचे पैसे भरलेस का डॅड, म्हणजे आजूबाजूच्या टेबलांना कळावं. बापाला वाटलं पोरगी मोठी झाली तशी लाडात आलीय. त्याला खरं कारण कळलं ते ती कॉलेजातून बाहेर पडल्यावर, तिनेच सांगितलं तेव्हा. बिचारा रडला म्हणे. पण इतकी वर्षं समोर बसून त्याला दिसलं नाही, कारण त्याला बघायची कधी गरजच पडली नव्हती.

आता हे एका घराचं रडगाणं म्हणून सोडून देऊ नका. इथल्या इव्हान बी. डोनाल्डसन अॅडॉप्शन इन्स्टिट्यूटने 2009 मध्ये एक अहवाल काढला होता, मोठ्या झालेल्या दत्तकांना विचारून. गोऱ्या आईवडिलांकडे वाढलेल्या कोरियन दत्तकांपैकी 78 टक्के म्हणाले की लहानपणी आपण गोरेच आहोत असं वाटायचं किंवा गोरं व्हावंसं वाटायचं. पाचातले जवळजवळ चार. आणि बऱ्याच जणांना वंशावरून त्रास फक्त वाटेवरच्या लोकांकडून नाही तर शाळेतल्या मुलांकडून झालेला, शिक्षकांकडूनसुद्धा. युरोपातही वेगळं नाही. नेदरलँड्समध्ये डिसेंबरात सिंटरक्लासचा म्हणजे त्यांच्या सांताक्लॉजसारख्या संताचा सण असतो, त्यात तोंडाला काळं फासून, कुरळे केस लावून, लाल ओठ रंगवून त्याचा नोकर ‘झ्वार्ते पीट’ म्हणजे काळा पीट व्हायची पद्धत वर्षानुवर्षं चालली, आता कुठे ओरड होऊन कमी झालीय. ज्या घरात हैतीतून, भारतातून आणलेलं मूल आहे त्या घरांतही हा सण साजरा व्हायचाच की. शाळेत त्या मुलाला पोरं पीट म्हणणार आणि घरी आईवडील म्हणणार अरे सण आहे, गंमत आहे.

या आईवडिलांना तयार करायचं काम कुणाचं? परदेशातून मूल घ्यायचं तर अमेरिकेच्या नियमांप्रमाणे दहा तासांचं ट्रेनिंग सक्तीचं आहे. दहा तास! त्यात कागदपत्रं, आजार, मुलाला लळा कसा लावायचा, सगळं आलं, वंश-संस्कृतीचा भाग त्यातलाच एक. आमच्याकडे सोळा वर्षांच्या पोराला गाडीच्या लायसनसाठी वर्गात 30 तास बसवतात. आणि देशातल्या देशात दत्तक असेल तर आणखी गुंता. 1972 मध्ये काळ्या समाजसेवकांच्या राष्ट्रीय संघटनेने जाहीर सांगितलं की काळी मुलं गोऱ्या घरात देऊ नका, या समाजात काळं म्हणून जगायला त्यांना तिथे कोण शिकवणार. त्यावर खूप वाद झाला, आणि बाजू दोन्ही होत्या, कारण मुलं वर्षानुवर्षं सरकारी देखभालीत पडून राहायची. मग 1994 मध्ये कायदा आला, 1996 मध्ये तो आणखी कडक केला, की सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेने वंशाच्या कारणावरून मूल अडवायचं नाही की उशीर लावायचा नाही. हेतू बरोबर होता. पण त्याबरोबर संस्था इतक्या बिचकल्या की रंगाविषयी आईवडिलांना परखडपणे काही विचारायचीच भीती वाटायला लागली. मूल द्या, प्रेम द्या, रंग बघू नका.

‘आम्ही रंग बघतच नाही.’ हे वाक्य मी या आईवडिलांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल देव जाणे, आणि ते अगदी अभिमानाने म्हणतात. अहो तुम्ही बघत नसाल, बसमधला पोरगा बघतो, दुकानातला सिक्युरिटीवाला बघतो. आणि रंग बघायचाच नाही असं घरात ठरलं की मग मुलाला त्याबद्दल बोलायला जागा उरत नाही, बोललं तर आईचा चेहरा पडतो, तिला वाटतं आपण कुठे कमी पडलो. मग मूल आईला जपायला लागतं. आठ-नऊ वर्षांचं मूल, शाळेत कुणी काय म्हणालं ते दप्तरातच ठेवतं आणि घरी येऊन सांगतं मज्जा आली. आमच्या शाळेतली ती मुलगी म्हणते तशी तिला हे जपणं इतकं अंगवळणी पडलं की विशीत थेरपिस्टसमोर बसेपर्यंत आपण काही लपवतोय हेच तिला माहीत नव्हतं.

अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू कॉलिन कॅपरनिक तुमच्या वाचकांना माहीत असेल, 2016 मध्ये राष्ट्रगीताच्या वेळी गुडघ्यावर बसला तो. काळा बाप, गोरी आई, आणि वाढवलं गोऱ्या जोडप्याने, कॅलिफोर्नियातल्या टर्लॉक गावात. त्याने 2023 मध्ये टीव्हीवर सांगितलं की पोरवयात त्याने काळ्या खेळाडूंसारख्या केसांच्या बारीक वेण्या घालून घेतल्या तेव्हा घरून ऐकून घ्यावं लागलं, हे काय गुंडासारखं वगैरे. लगेच लोक त्याच्यावर तुटून पडले की ज्यांनी वाढवलं त्यांनाच वर्णद्वेषी म्हणतोस, कृतघ्न. त्याने काय म्हटलं होतं तर त्यांचं माझ्यावर प्रेम होतं हे मला माहीत आहे आणि तरी घरात अशा गोष्टी व्हायच्या ज्या बरोबर नव्हत्या. दोन्ही एकदम खरं असू शकतं हे लोकांना पचत नाही. सख्ख्या आईबापांवर आपण सगळे तक्रार करतो, माझी तर पन्नाशीतही चालूच आहे, तेव्हा कुणी कृतघ्न म्हणत नाही. दत्तक मुलाने तक्रार केली की लगेच हिशेब काढायचा, तुला आणलं नसतं तर कुठे असतीस. तुमच्या त्या ‘नशीब उजळलं’ मथळ्यात हाच हिशेब आहे बघा, फक्त गोड भाषेत.

मे 2020 मध्ये जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाला पोलिसाने मारलं ते आमच्या घरापासून फार लांब नाही. त्या उन्हाळ्यात इथल्या कितीतरी दत्तक घरांत पहिल्यांदा बोलणं झालं, आणि भांडणंही झाली. मुलगा सोळा-सतराचा, इथिओपियातून किंवा हैतीतून आणलेला, गोंडस बाळ होता तोवर सगळं गाव गाल ओढायचं, आता सहा फूट उंच झाला आणि तेच शेजारी त्याला त्याच्याच ड्राइव्हवेत बघून विचारतात तू कोण. गोरे आईवडील बरोबर असले की त्यांच्या रंगाचा आडोसा मुलाला मिळतो. एकटा गाडी घेऊन निघाला की संपला आडोसा. पोलिसाने थांबवलं तर हात कुठे ठेवायचे हे काळ्या घरात बाप पोराला लहानपणीच पढवतो, त्याला त्याच्या बापाने पढवलेलं असतं. गोऱ्या बापाला ते कुणी शिकवलेलंच नाही. आमच्या सावळ्या पोरींचं प्रकरण तितकं जिवावरचं नसतं पण 2001 च्या अतिरेकी हल्ल्यानंतर ज्या शाळेत होत्या त्यांना विचारा, टेररिस्ट म्हणून किती ऐकलंय. आणि माझ्या मुलाला कुणी तसं म्हणालं तर तो घरी येऊन सांगायचा आणि आम्ही नवराबायको सांगायचो की अरे आम्हालाही परवाच कुणीतरी म्हणालं, मग तिघं मिळून शिव्या घालायचो, पोळीभाजी खायचो, झोपायचो. त्या शिव्या घालायला या पोरींच्या घरात त्यांच्या बाजूचं कुणी नव्हतं.

कागदांचीही एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. पूर्वी परदेशी जोडप्यांना भारतात थेट दत्तक घेता यायचं नाही, 1890 च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स अॅक्टखाली कोर्टातून पालकत्व घ्यायचं, मूल घेऊन जायचं आणि पुढची दत्तकाची आणि नागरिकत्वाची प्रोसेस तिकडे करायची. बऱ्याच जणांनी केली, काहींनी केलीच नाही. अमेरिकेने 2000 मध्ये कायदा केला की परदेशातून दत्तक आलेल्यांना आपोआप नागरिकत्व, पण कायदा लागू झाला तेव्हा जे अठराच्या वर होते त्यांना नाही. मुंबईहून 1989 मध्ये लहानपणी गेलेल्या एका बाईंचं हेच झालं. त्या मोठ्या झाल्या, लग्न झालं, मुलं झाली, आणि ड्रग्जच्या एका गुन्ह्यावरून 2008 मध्ये सरकारने त्यांना भारतात परत पाठवलं, जिथे त्यांचं कुणी नाही आणि भाषा येत नाही. हायकोर्टापर्यंत प्रकरण गेलं, तुमच्याच पेपरांत बातम्या आल्या होत्या. कोरियात परत पाठवलेलेही आहेत. गोऱ्या घरात वाढलं म्हणून माणूस गोरा होत नाही, हे सरकारला बरोबर माहीत असतं.

आता कुणीतरी लिसा स्थळेकरचं नाव घेणार. तो फॉरवर्ड मला दरवर्षी येतो. पुण्याच्या श्रीवत्स या अनाथ मुलांच्या संस्थेतलं बाळ ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट टीमची कॅप्टन झालं, 1979 चा जन्म, 2013 चा वर्ल्डकप मुंबईत जिंकून रिटायर, सगळं खरं आणि अभिमानाचं. पण तिचे वडील आपल्या मुंबईचे, आई इंग्रज. म्हणजे घरात तिच्यासारखं दिसणारं एक माणूस होतं, आडनावही मराठी. हा फरक फॉरवर्ड करणाऱ्यांच्या डोक्यात येत नाही. आणि प्रत्येक मुलीने कॅप्टन व्हायलाच हवं का? साधी नोकरी करणारी, थोडी उदास असणारी, आईशी भांडणारी दत्तक मुलगी तुमच्या पुरवणीत कधी येणार?

इथपर्यंत गोऱ्यांचं झालं. आता आपलं.

आमच्या मंडळाच्या गणपतीला ती पोरगी दहावीत असताना आली होती, पंजाबी ड्रेस घालून, एकटी, आईने दारात सोडलं. प्रसादाच्या रांगेत दोन बायका तिच्या मागे. एकीने विचारलं कुठल्या तुम्ही, आडनाव काय, हिने आडनाव सांगितलं, ते ‘सन’ने संपणारं. मग पुढचा प्रश्न, मग अगंबाई दत्तक का, मग किती नशीबवान गं. इथवर तिला सवय होती. मग त्या दोघी आपसात मराठीत बोलल्या, रंग बघ ना, म्हणून इकडे आली असेल, तिकडे कोण घेणार. त्यांना वाटलं हिला मराठी काय कळतंय. तिला ते आम्हीच शिकवलं होतं, शनिवारी शनिवारी. तिने प्रसाद घेतला, थँक्यू म्हणाली, बाहेर जाऊन गाडीची वाट बघत उभी राहिली. त्यानंतर ती मंडळात कित्येक वर्षं आली नाही.

आणि त्या बायका खोटं बोलत नव्हत्या हे जास्त वाईट. जुन्या काळी संस्थांत काम केलेल्या कुणालाही विचारा, येणारं जोडपं काय मागायचं. आमच्यात शोभेल असं द्या. म्हणजे उजळ. सावळं, थोडं आजारी, थोडं मोठं झालेलं मूल मागे राहायचं आणि परदेशी जोडप्याकडे जायचं. 1984 मध्ये लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सुप्रीम कोर्टाने घालून दिलं की आधी भारतीय घर शोधा मग बाहेर बघा, त्यातून पुढे कारा ही दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था उभी राहिली, आता सगळं ऑनलाइन आहे, मुलगा की मुलगी हे सांगता येतं पण रंग मागता येत नाही, आणि मूल दाखवल्यावर 48 तासांत हो-नाही सांगायचं असतं. चांगलं झालं. पण ते नाही कशामुळे आलं ते कॉम्प्युटरला कुठे कळतं. आजही भारतातून बाहेर जाणारी मुलं बहुतेक करून मोठी किंवा काहीतरी दुखणं-व्यंग असलेली असतात. अमेरिकेत परदेशी दत्तक आता खूपच कमी झालंय, 2004 मध्ये वर्षाला जवळपास 23 हजार मुलं यायची ती 2023 मध्ये 1300 च्या आत आली, आणि चीनने 2024 मध्ये दार बंद केलं, त्यामुळे जी थोडी येतात त्यात भारत अगदी वरच्या नंबरांत आहे. म्हणजे हा विषय आपल्यासाठी संपलेला नाहीये.

तुम्हीसुद्धा बघा ना संपादक साहेब. ज्या रविवारी हा लेख आला त्याच अंकात वधू पाहिजेच्या जाहिराती होत्या. गोरी, सुस्वरूप, निर्व्यसनी घराण्यातली. आमच्या शाळेतली ही पोरगी तुमचा पेपर वाचते, ऑनलाइन. अमेरिकेत तिचा रंग लोकांना खुपतो, आणि जिथे तिच्या रंगाची सगळी माणसं आहेत तिथे तर तो छापून मोजतात.

मग दत्तक बंदच करायचं का? स्वीडनच्या सरकारी आयोगाने 2025 मध्ये तशीच शिफारस केली, नेदरलँड्सने टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं, डेन्मार्कमध्येही 2024 पासून काम थांबलंय. त्यांची कारणं मुख्यतः खोटे कागद आणि पैशाचे व्यवहार ही आहेत, वंशाचा प्रश्न त्यात मागून आलेला. मला स्वतःला बंदी पटत नाही. व्यंग असलेल्या मुलाला भारतात कुणी घर देत नसेल तर ते बाहेर जाऊ नये असं मी कुठल्या तोंडाने म्हणू. पण मूल पाठवायच्या आधी त्या जोडप्याला दहा तासांत काय शिकवलं हे आपल्या बाजूने कुणी विचारतं का? तुमच्या गावात सावळी माणसं किती, तुमचे मित्र कोण, मुलाची शिक्षिका, डॉक्टर, कुणीतरी त्याच्यासारखं दिसणारं असेल का, तुमचे वडील जेवताना काय विनोद करतात, हे विचारलं पाहिजे. शेवटचा प्रश्न मी गंमतीने लिहिलेला नाही.

कारण ज्यांना जमतं त्यांना जमतं, तेही बघितलंय. माझ्या ओळखीची एक आई, गोरी, नर्स आहे, तिची मुलगी मध्य भारतातून आलेली. तिचा भाऊ एकदा सगळ्यांसमोर काहीतरी बरळला, इथे लिहिण्यासारखं नाही. तिने जेवताना चमचा खाली ठेवला आणि म्हणाली माझ्या मुलीबद्दल बोलतोयस तू, आत्ताच्या आत्ता माफी माग नाहीतर आम्ही निघालो. भाऊ म्हणाला मी तिला नाही म्हटलं. ती म्हणाली मला माहीत आहे तू कुणाला म्हटलंस, आणि खरंच कोट घालून निघाली. दोन वर्षं भावाकडे गेली नाही. घर विकून सेंट पॉलला आली कारण तिथल्या शाळेत सगळ्या रंगाची मुलं होती, त्यासाठी तिचा कामाचा प्रवास दुप्पट झाला. ती संस्कृतीच्या कार्यक्रमाला फारशी यायची नाही, पुरणपोळी तिला येत नाही. तिच्या मुलीला मी विचारलं तर म्हणाली घरात मला काही लपवायला लागलं नाही. पुरणपोळी करणाऱ्या आयांपेक्षा मला ही आई जास्त भावली, आता कुणाला राग आला तर येवो. नऊवारी, ढोलताशा, समर कॅम्प हे सगळं चांगलंच आहे पण ते सोपं आहे. स्वतःच्या भावाला गप्प करणं अवघड आहे.

आमच्या मंडळात एवढं झालंय की नावनोंदणीच्या फॉर्मवर ‘महाराष्ट्रातील मूळ गाव’ असा रकाना होता, तो सक्तीचा होता, म्हणजे भरल्याशिवाय फॉर्म पुढे जायचा नाही. प्रसादाच्या रांगेतल्या त्या मुलीने आम्हाला ईमेल केली होती की मी तिथे काय लिहू. त्यावर कमिटीत दोन मीटिंगा झाल्या, एक गृहस्थ म्हणाले त्यात काय, पुणे लिहावं. शेवटी रकाना ऐच्छिक केला. गणपतीला ती परत यायला लागलीय, आरतीला उभी राहते, प्रसादाच्या रांगेत उभी राहत नाही, मी तिचा द्रोण बाजूला काढून ठेवते.

आपली,
एक वाचक, मिनेसोटा
(नाव छापू नका प्लीज, मंडळ छोटं आहे.)

ता.क. – यातल्या बऱ्याच जणी मोठ्या झाल्यावर आईचा शोध घ्यायला पुण्यात येतात. त्याची रीतसर पद्धत आहे, अठरा पूर्ण झालेल्याला स्वतः काराकडे अर्ज करता येतो, आणि जन्मदात्या आईची संमती नसेल तर तिची माहिती देत नाहीत. तिथल्या काही बायकांनी लग्नाआधी मूल झालं म्हणून गुप्ततेच्या भरवशावर ते संस्थेत ठेवलेलं असतं, आज त्या साठीत असतील, घरात सुना-नातवंडं असतील. तेव्हा अशी कुणी अमेरिकेहून आली की ‘लेकीला हवी आई’ म्हणून जुने फोटो, वॉर्डाचं नाव, तारीख सगळं पहिल्या पानावर टाकू नका. आधी त्या मुलीला विचारा तिला छापून हवंय का, आणि ती हो म्हणाली तरी तारीख आणि वॉर्ड गाळा.